गच्चीवरच्या लाकडी झरोक्याची गळती: मदत हवी आहे

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचं बैठं घर आहे. स्लॅबमधल्या 3 बाय 4 फुटांच्या मोकळ्या जागेवर मी स्वतः सागवानी चौकट करून वर 8 मिमीची टफन काच बसवली. उजेड झकास येतो, पण पाऊसही येतो! काचेला उतार आहे आणि काचेच्या कडेने थेंबही गळत नाही. पाणी शिरतं ते लाकूड आणि स्लॅबच्या सांध्यातून. बादली ओतून खात्री केली आहे.

आधी सिलिकॉन भरलं, एका पावसाळ्यात सुटलं. मग पांढरं सिमेंट; उन्हाळ्यात लाकूड आकसलं आणि केसाएवढी भेग पडली. डांबर सुचवू नका, ते उन्हात वितळून दिवाणखान्यात टपकलंय.

चौकट स्लॅबपासून जेमतेम 2 इंच वर आहे, बहुधा तिथेच चुकलं. आता चौकट उचलून खाली 6 इंचांची विटांची पाळ बांधावी, की आहे तशीच ठेवून स्लॅबला खाच मारून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची पट्टी आत वळवावी? पट्टी लावली, तर खाचेत पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं लवचिक राहणारं भरण, भरायचं की वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलेला सिमेंटचा माल?