हाताने बनवून घेतलेल्या गिटारची ॲक्शन चढते आहे: सॅडल घासावं की थांबावं?

नमस्कार मंडळी,

ऑर्डर देऊन बनवून घेतलेली माझी अकूस्टिक गिटार नुकतीच हातात आली. वाद्य फार सुंदर उतरलंय. पण आल्यापासून तिची ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, हळूहळू चढत चालली आहे, आणि सॅडल (पेटीकडच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासावं की नाही यावर दोन जाणत्या माणसांची मतं अगदी विरुद्ध पडली आहेत. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

आधी गिटारविषयी. मी बोटांनी वाजवते, पिक जवळजवळ वापरत नाही. त्यामुळे ड्रेडनॉट हा मोठ्या पेटीचा आकार नको हे पहिल्यापासून ठरलं होतं. त्याचा खर्ज माझ्या हलक्या हाताच्या वाजवण्यावर स्वार होतो. मार्टिन कंपनीने १९२९ मध्ये आणलेला ओएम हा लहान पेटीचा आकार घेतला, नेक (मान) आणि पेटीचा जोड चौदाव्या फ्रेटवर असलेला. नट (नेकच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) ४४.५ मिमी रुंद, कारण ४३ वर माझं बोट शेजारच्या तारेला लागतं. स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, ६४५ मिमी, तारा १२ ते ५३ च्या (जाडी इंचाच्या हजारांशात). पाठ आणि बाजू शिसवीच्या, टॉप (पेटीची दर्शनी फळी) सिटका स्प्रूसचा. टॉपसाठी बनवणाऱ्यांनी दोन फळ्या समोर ठेवल्या होत्या. वरच्या कडेला चिमटीत धरून मधोमध पेराने टकटक केली, तर एकीचा आवाज लगेच विझला आणि दुसरीचा घंटेसारखा रेंगाळला. दिसायला पहिली जास्त देखणी होती, पण मी दुसरी निवडली. आज वरची ई तार छेडली की त्या निवडीचं चीज झाल्यासारखं वाटतं. इतका भरीव, गोल आवाज मी याआधी पातळ तारेतून ऐकला नव्हता.

आता अडचण. गिटार आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली २.३ मिमी आणि पातळ ई तारेखाली १.८ मिमी अंतर होतं. आता ते २.९ आणि २.३ झालंय. बार कॉर्ड धरताना मनगट भरून येतं. ट्रस रॉडकडे (नेकचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळईकडे) वळण्याआधी नेकचा बाक तपासला: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), चौदाव्यावर बोट आणि सातव्यापाशी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). तिथे ०.२ मिमी आहे, आली तेव्हाही तेवढाच होता. म्हणजे नेक जागच्या जागी आहे. पण ब्रिजच्या (सॅडल बसवलेल्या, टॉपवर चिकटवलेल्या लाकडी तुकड्याच्या) मागे टॉपवर मोजपट्टी आडवी ठेवली की ती दोन्ही टोकांना उचललेली दिसते. टॉप फुगलाय हे उघड आहे.

खोलीत आर्द्रता ६५ ते ७० टक्के असते. बनवणाऱ्यांची कार्यशाळा ४५ टक्क्यांवर राखलेली आहे. ते म्हणतात, "नवीन टॉप ताण घेतोय, त्यात हवा दमट. बसू दे त्याला, एवढ्यात काही घासू नका." माझे गिटारचे सर म्हणतात, सॅडल मिलीमीटरभर घासून टाक, उगाच हात दुखवून घेऊ नकोस. मला दोघांबद्दलही आदर आहे. पण सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम ३ मिमी आहे, त्यातलं घालवलं की परत येणार नाही, ही धास्ती आहे.

दमट हवेचा फुगवटा आणि ताणाने आलेला कायमचा फुगवटा, यांतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा?

प्रतिसाद

सॅडलला सध्या हात लावू नका. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे अर्धा मिमी उतरवायला सॅडल एक मिमी घासावं लागतं. तुमच्या ३ मिमीचे २ राहिले तर तार सॅडलवरून पिनांकडे (ब्रिजमध्ये तारा अडकवणाऱ्या खुंट्यांकडे) फारच सपाट उतरेल आणि आवाजातली धार जाईल. शिवाय हवा कोरडी झाली की टॉप खाली येईल आणि तारा फ्रेटवर खणखणू लागतील.

कारण तुम्ही बरोबर हेरलंय. स्प्रूस ओलावा घेतो तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेने पसरतो. आतून ब्रेसिंगने (चिकटवलेल्या आधारपट्ट्यांनी) धरून ठेवलेला असल्यामुळे त्याला बाहेर फुगण्यावाचून वाटच नसते, आणि ब्रिज वर उचलला जातो. हाताने बनवलेल्या गिटारचा टॉप मुद्दाम पातळ ठेवलेला असतो, त्यावर तारांचा एकूण सत्तरेक किलोचा ताण. थोडा फुगवटा हवाच, अगदी सपाट टॉप बरेचदा दबलेला वाजतो.

फरक ओळखायचा तर केस बंद ठेवून आत ४९ टक्क्यांवर आर्द्रता राखणाऱ्या पिशव्या टाका, शेजारी छोटा आर्द्रतामापक. घाई करून सुकवू नका, सिलिका जेलचा मारा केला तर टॉपला चीर जाऊ शकते. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. जेवढं उतरेल तेवढं हवेचं, उरेल ते ताणाचं. ब्रिज पुढे कलतोय का, मागची कड टॉपपासून सुटतेय का, हेही पाहा. मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा शिरला तर लगेच तारा सैल करा आणि बनवणाऱ्यांना कळवा.

प्रतिसाद

तोवर अर्धा स्वर खाली ट्यून करून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. ताण कमी होतो, बार धरणं सोपं जातं आणि पट्टीही तीच राहते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कॅपोमुळे मनगटाला लगेच उतार पडला. ब्रिजखाली कागद कुठेही शिरत नाही. केस आता ५० टक्क्यांवर आहे आणि जाड ई तार २.६ वर आली आहे, पातळ २.० वर. अजून उतरते आहे.

बनवणाऱ्यांशी बोलले. दमट दिवसांसाठी हाडाचं दुसरं, थोडं बुटकं सॅडल करून द्यायला ते आनंदाने तयार आहेत, मूळ सॅडल कोरड्या दिवसांसाठी जसंच्या तसं राहील. फक्त मापं त्यांना आत्ताच्या ५० टक्क्यांची पाठवू की पुन्हा दमट हवेत ठेवून घेतलेली? ज्यांच्याकडे अशी दोन सॅडलं आहेत त्यांनी जरूर सांगावं.