मदत हवी आहे: चार्ल्स इव्हान्स ह्यूजबद्दल

मंडळी, जरा मदत करा. लेकीला कॉलेजात अमेरिकन राजकारणावर दहा मिनिटं बोलायचंय आणि तिने नेमका हा ह्यूज निवडलाय. मूळचा वकील, 1905 मध्ये न्यूयॉर्कच्या विमा कंपन्यांच्या चौकशीत त्यांची लफडी बाहेर काढली, त्या जोरावर गव्हर्नर झाला, मग सुप्रीम कोर्टात जज, आणि 1916 ला तिथून राजीनामा देऊन डायरेक्ट राष्ट्राध्यक्षपदाला उभा! तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी 277-254 ने पाडला (ही इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्य जिंकलं की त्या राज्याच्या वाट्याची मिळणारी मतं). कॅलिफोर्नियात चारेक हजार मतं जास्त पडली असती तरी जिंकलाच होता की. प्रचारात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या एकाच हॉटेलात हा आणि त्याच्याच रिपब्लिकन पक्षाचा, राज्याचा वजनदार गव्हर्नर हायरम जॉन्सन दोघंही होते पण भेट काही झाली नाही, त्यावरून जॉन्सनची माणसं फिरली म्हणतात. मला हे जरा फिल्मीच वाटतं. एवढ्यावरून राज्य जातं का, की खरं कारण युद्धाची भीती आणि कामगारांची मतं? पुढे परराष्ट्रमंत्री आणि 1930 ते 1941 सरन्यायाधीश, तेही आहेच. सगळं दहा मिनिटांत कोंबायचं की फक्त 1916 घ्यायचं? कोणी वाचलं असेल तर सांगा ना, सोमवारी बोलायचंय तिला.