विरंगुळा केंद्रात येणे थांबलेल्या सभासदांसाठी कोणते उपक्रम टिकतात?

प्रश्न (कार्यवाह, ज्येष्ठ नागरिक संघ, पुणे)

पुण्याच्या एका उपनगरातील ज्येष्ठ नागरिक संघाचे काम मी गेली चार वर्षे पाहतो आहे. महानगरपालिकेच्या विरंगुळा केंद्रात पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या आहेत. पटावर १४२ सभासद आहेत; रोज येणारे मात्र बावीस-पंचवीस आणि तेही बहुतेक पुरुष. सकाळी वर्तमानपत्रे, संध्याकाळी पाच ते सात कॅरम आणि पत्ते, महिन्याला दोन व्याख्याने, शेवटच्या शनिवारी वाढदिवस, वर्षातून एक सहल आणि १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन, असा आमचा क्रम ठरून गेलेला आहे.

गेल्या महिन्यात मधुमेहावर व्याख्यान ठेवले होते. वक्ते डॉक्टर दवाखाना बंद ठेवून वेळेवर आले आणि समोर नऊ जण बसले होते; त्यांतल्या तिघांना मी पत्त्यांचा डाव मोडायला लावून आणले होते. त्या रात्री हजेरीची वही घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की तीन वर्षांपूर्वी नियमित सही करणारी चाळीसेक माणसे हळूहळू गळाली आहेत आणि ती का गळाली हे आम्ही कुणीही त्यांना विचारलेले नाही. अशा सभासदांना, विशेषतः स्त्रियांना, पुन्हा आणणारे आणि काही शिकवून जाणारे कोणते उपक्रम आपल्याकडे चालले आहेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. वर्गणी मोजकीच असल्यामुळे फार खर्चाचे सुचवू नये, ही विनंती.

उत्तर १ (निवृत्त शिक्षिका, ठाणे जिल्हा)

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा आपल्याला ठाऊक असेल. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू केली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या, ती छायाचित्रे त्या वेळी सर्वत्र झळकली होती. छायाचित्रांपेक्षा मला त्या शाळेच्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे शाळा भरण्याची वेळ घरची आणि शेतातली कामे उरकल्यानंतरची, दुपारची ठेवली. दुसरी म्हणजे, आपल्यालाही पोथी वाचता यावी, कागदावर अंगठ्याऐवजी सही करता यावी, ही इच्छा त्या बायकांची स्वतःची होती.

आपल्याकडच्या स्त्रिया साक्षर असतील, त्यामुळे पाटी-पेन्सिलीची गरज पडणार नाही. पण त्यांना कोणती गोष्ट यायला हवी आहे, हे आधी त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. आमच्या गटात मी कवितावाचन सुरू करायला निघाले होते आणि बायकांनी मात्र पासबुकातल्या नोंदी वाचायला शिकवा, असे सांगितले. पतीच्या निधनानंतर बँकेत पहिल्यांदा एकटीने जावे लागलेल्या तिघी त्यांत होत्या. सहा आठवडे आम्ही पासबुक, धनादेश आणि नामनिर्देशन एवढेच केले. कवितावाचन त्यानंतर सुरू झाले आणि ते आजही चालू आहे.

उत्तर २ (श्रवणतज्ज्ञ, नाशिक)

आपल्या चाळीस जणांपैकी काहींना व्याख्यान ऐकू येत नसण्याची शक्यता मोठी आहे. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. अशा माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. दोनदा ‘काय?’ विचारून झाल्यावर तो तिसऱ्यांदा विचारत नाही. मान डोलावत बसतो आणि पुढच्या वेळी येत नाही. घरचे समजतात, आजोबांना आता कंटाळा येतो. ऐकू न येणे आणि माणसांतून तुटणे, या दोन्हींची गणना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांत केली आहे, म्हणून हे किरकोळ समजू नये.

यासाठी फारसा खर्च लागत नाही. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे खोली घुमते, तेव्हा जाड पडदे लावावेत आणि जमिनीवर सतरंजी अंथरावी, मात्र तिच्या कडा पायात अडकणार नाहीत अशा पक्क्या बसवाव्यात. व्याख्यानापुरता पंखा कमी करावा. वक्त्याने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण चेहरा अंधारात गेला की ओठ वाचता येत नाहीत. खुर्च्या रांगेऐवजी अर्धवर्तुळात मांडाव्यात. ध्वनिवर्धकाचा आवाज नुसता चढवून उपयोग नाही. बोलणे सावकाश आणि सुटे हवे.

आणखी एक, माझ्या विषयाबाहेरचे पण महत्त्वाचे: दोन खोल्या पहिल्या मजल्यावर असतील आणि उद्‌वाहक नसेल, तर गुडघेदुखीच्या सभासदांसाठी केंद्र बंद असल्यासारखेच आहे. आठवड्यातून एक दिवस तरी तळमजल्यावरची जागा मागून पाहावी.

उत्तर ३ (संघाच्या सभासद, डोंबिवली)

कार्यवाहसाहेब, पाच ते सात ही आपली वेळच स्त्रियांना वगळणारी आहे. त्या दोन तासांत नातवंडे शिकवणीहून परत येतात, त्यांचे खाणे असते, दिवेलागण असते आणि कणीक मळायची असते. मुलगा-सून कामावरून यायच्या आत घर सोडता येत नाही. आम्ही दुपारी तीन ते साडेचारची वेळ मागून घेतली आणि आमच्या भजनी मंडळाचा सराव घरांतून उचलून केंद्रात आणला. पेटी आणि टाळ केंद्राच्या कपाटात राहू लागले, तशा चौदा जणी आपोआप येऊ लागल्या. भजन संपल्यावरची वीस मिनिटे कोणीतरी काही शिकवते, कधी औषधांच्या गोळ्यांचे डबे कसे लावायचे, कधी क्रोशाचा टाका.

स्वच्छतागृहाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. कडी नीट लागत असेल, कमोड असेल आणि शेजारी धरायला दांडा असेल, तरच साठीपुढची स्त्री दोन तास बाहेर थांबते. नसेल तर ती सकाळपासून पाणी कमी पिऊन येते किंवा येतच नाही.

उत्तर ४ (मोबाइल वर्ग चालवणारे, पिंपरी-चिंचवड)

मोबाइलचा वर्ग जरूर घ्यावा, पण पडद्यावर चित्रे दाखवून पन्नास जणांना नको. आम्ही एका वेळी पाच जण घेतो आणि प्रत्येकाने स्वतःचाच फोन आणायचा असतो. वयस्क बोट कोरडे असते, स्पर्श उमटला नाही असे वाटून माणूस चिन्हावर अंगठा दाबून धरतो, ते चिन्ह जागचे हलते, कधी नाहीसेही होते आणि फोन बिघडला असे समजून तो फोन कपाटात ठेवून देतो. त्यामुळे पहिला संपूर्ण तास आम्ही नुसते ‘टिचकी आणि सोडणे’ एवढेच करतो.

वर्ग ऑक्टोबरमध्ये ठेवावा, कारण नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. बोटांचे ठसे झिजलेले असल्यामुळे यंत्रावर अनेकांची ओळख पटत नाही. ‘जीवन प्रमाण’ या सरकारच्या डिजिटल सेवेत चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो, हे करून दाखवले की शिकण्याची गोडी लागते. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणून त्यांना आधी बसवावे. फसवणुकीसाठी वेगळे व्याख्यान न ठेवता ‘पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असा फोन आम्ही दोघांत वठवून दाखवतो. समोरच्याने फोन ठेवायचा, घरच्यांना सांगायचे आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवायचे, एवढा सराव प्रत्येकाकडून करून घेतो.

मूळ प्रश्नकर्ते

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन दिवसांत मी गळालेल्यांपैकी अकरा जणांना दूरध्वनी केले. चौघांनी जिन्याचे कारण सांगितले. दोघांशी बोलताना मला प्रत्येक वाक्य तीनदा म्हणावे लागले, तेव्हा श्रवणतज्ज्ञांचे म्हणणे लख्ख पटले. एका बाईंनी, ‘तीन वर्षांत पहिल्यांदाच संघातून कोणी फोन केला,’ असे म्हटले आणि मला पुढे बोलता येईना. तळमजल्यावर महानगरपालिकेचे वाचनालय आहे, ते दुपारी एक ते चार बंद असते. ती जागा मंगळवारी आणि शुक्रवारी मिळावी, असा अर्ज आज क्षेत्रीय कार्यालयात देऊन आलो. उरलेल्यांना फोन करायला दोन महिला सभासद तयार झाल्या आहेत. आधी काय शिकायचे आहे, हा प्रश्न त्याच विचारणार आहेत.