शब्दचर्चा : भिंतीवरची ती कोळी की कातीण?

विट्यातल्या आमच्या जुन्या घरात परवा भिंतीवरचा फोटो पुसायला काढला, तर मागे तळहाताएवढा कोळी. अंग चपटं, रंग तपकिरी, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले, तोंडाकडे फिकट पिवळसर पट्टी. पोटाखाली रुपयाएवढी पांढुरकी चपटी पिशवी घट्ट धरलेली. मी झाडू उचलला तशा सासूबाई ओरडल्या, "अगं थांब, कातीण हाय ती! अंडी हायत तिच्यापाशी."

प्राणी कोणता ते लगेच कळलं. इंग्रजीत हंट्समन, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनेटोरिया. रात्री भिंतीवर फिरून झुरळं पकडते. अंगाशी दाबली गेली तर चावते, दुखतं, पण जिवाला धोका नाही. मी अडकले ते शब्दापाशी. मला आजवर वाटायचं की हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जाळं टाकणारा तो कोळी, आणि जाळं लावून बसतो म्हणून हाही कोळी. पण हिचं जाळंच नाही! मग कोळी कसं म्हणायचं? आणि कातीण हा शब्द तुमच्याकडे आहे का?

प्रतिसाद :
ताई, किड्याचं नाव मासेमारीवरून आलेलं नाही. प्राकृतात 'कोलिअ' म्हणजे विणकर आणि हा किडाही. संस्कृतात 'कौलिक' म्हणजे विणकर. पंचतंत्रात विष्णूचं रूप घेऊन राजकन्येकडे जाणारा तो कौलिकच. 'तंतुवाय' या शब्दालाही विणकर आणि कोळी असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांना हा प्राणी मागावर बसलेला दिसला.
कातीण मात्र कातण्यावरून. आमच्या वाईकडे जुन्या बायकांच्या तोंडी अजून ऐकू येतो.

प्रतिसाद :
जाळ्यावरून आठवलं. कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांचा कोळी उलटा लटकलेला असतो, हात लावला की थरथरतो, त्याचं ते जाळं. तो गेल्यावर धूळ आणि काजळी धरून लोंबतं ते जळमट. दिवाळीला आपण जळमटं काढतो, जाळी नव्हे. कोळिष्टक दोन्हीला चालतं. हल्ली सगळ्यालाच 'जाळी' म्हणतात, ते मला खटकतं.
आणि अंगावर फोड आले की 'कोळी मुतला' म्हणतात, त्याचं काय?

प्रतिसाद :
तो समज फार जुना आहे, काका. संस्कृतात 'लूता' म्हणजे कोळी आणि कातडीचा एक रोगही. आपली कुत्र्याला लागणारी 'लूत' तिथलीच. सुश्रुतानेही लूतांचे प्रकार मोजून त्यांच्या विषाचे उपाय दिलेत. पण पावसाळ्यात रात्रीतून उठणारे ते भाजल्यासारखे चट्टे बहुतेकदा दिव्यावर येणाऱ्या एका बारीक, लांबट, नारिंगी-काळ्या किड्याचे असतात. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी पोळते. दोष बिचाऱ्या कोळ्यावर.

मूळ लेखिका :
सगळ्यांचे मनापासून आभार. 'कोळी म्हणजे विणकर' वाचलं आणि सासूबाईंचा शब्द एकदम उलगडला. विट्यात घरोघर यंत्रमाग, त्यामुळे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं की कातणं वेगळं आणि विणणं वेगळं. सूत गिरणीतून येतं, कापड मागावर होतं. भिंतीवरची ही बाई कातते, पण विणत नाही. तिच्याकडे धागा आहे, त्याची ती अंड्यांसाठी पिशवी करते. भक्ष्य मात्र धावून पकडते, त्यासाठी जाळं लावत नाही. म्हणजे तिला विणकर म्हणणं चूक आणि कातीण म्हणणं अगदी नेमकं. हा फरक धरून कुणी मुद्दाम नाव ठेवलं असेल असं मी म्हणत नाही, पण या जातीपुरता तरी मी आता हाच शब्द वापरणार.

एक अडचण उरते. नराला काय म्हणायचं? त्याचं अंग बारीक, पाय आणखी लांब, आणि पिशवी तो कधीच बाळगत नाही. पण पाल, मुंगी, माशी ही नावं आपण नर-मादी न बघता स्त्रीलिंगीच वापरतो. तशी कातीणही चालावी. अनेकवचन 'कातिणी'.

फोटो अजून खालीच ठेवलाय. पिशवी फुटून पिल्लं पांगली की परत लावीन.