सार्वजनिक ग्रंथालयाने ब्लॉग चालवावा का? बडोद्याच्या निमित्ताने

रावपुऱ्याचा वाचक

मांडवीजवळच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात, किंवा खरे तर कोणत्याही मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात, देवघेवीच्या टेबलाशी पंधरा मिनिटे उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. कोणी संस्थानी काळातल्या बडोद्याच्या शाळांविषयी काय वाचावे असे विचारतो, कोणी मराठीतला सोपा विज्ञानविषयक ग्रंथ मागतो, तर कोणाला आजोबांच्या संग्रहातले, बडोदा संस्थानाने काढलेल्या सयाजी साहित्यमालेचे पुस्तक कपाटात ठेवावे की ग्रंथालयाला द्यावे हे कळत नसते. टेबलामागची व्यक्ती अनुभवाच्या बळावर उत्तर देते, विचारणारा समाधानाने घरी जातो, आणि ते उत्तर तिथेच विरून जाते. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन येणाऱ्यासाठी सगळे पहिल्यापासून सुरू होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही उत्तरे ग्रंथालयाने स्वतःच्या ब्लॉगवर लिहावीत, आठवड्यातून एकदा का होईना लिहावीत, आणि त्याखाली वाचकांना बोलू द्यावे. ‘नवीन दाखल ग्रंथ’ अशी यादी टाकणे म्हणजे ब्लॉग नव्हे, ती सूचनाफलकाची नक्कल झाली. वाचक एकत्र येतात ते एखाद्या नोंदीखाली दुसरा वाचक ‘याच विषयावर अमुक पुस्तक अधिक चांगले आहे’ असे सांगतो तेव्हा. मिशिगनमधल्या ॲन आर्बर जिल्हा ग्रंथालयाने २००५ मध्ये आपले संकेतस्थळच ब्लॉगच्या स्वरूपात उभे केले आणि प्रत्येक नोंदीखाली वाचकांना लिहिण्याची मुभा दिली. तिथल्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धांच्या नोंदींवर मुले एरवी ग्रंथालयाशी कधी बोलली नसती इतके बोलू लागली.

बडोद्याला हे नवे वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणून ग्रंथालयांचे खाते उभे केले, आणि १९१२ मध्ये इथूनच ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. ग्रंथालयाने वाचकांशी आणि इतर ग्रंथालयांशी लिहून बोलावे ही कल्पना या शहराने शंभर वर्षांपूर्वीच अमलात आणली होती.

दांडिया बाजार, निवृत्त

माझी नोकरी एका दुसऱ्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेली, त्यामुळे टेबलामागच्या बाजूने लिहितो. आमच्याकडेही एका उत्साही वरिष्ठांनी ब्लॉग सुरू केला होता. पहिल्या महिन्यात चार नोंदी झाल्या, दुसऱ्यात दोन, मग वरिष्ठांची बदली झाली, आणि पासवर्ड कोणाकडे आहे हे विचारायलाही कोणी उरले नाही. पुढची अनेक वर्षे त्यावर ‘लवकरच उन्हाळी वाचन शिबिर’ अशी सूचना झळकत होती. वाचनालयाला कुलूप दिसले तर माणूस निदान परत फिरतो. बंद पडलेला ब्लॉग मात्र उघडे दार दाखवतो आणि आत कोणीच नसते.

ॲन आर्बरचा दाखला देताना आपण एक गोष्ट सोडून दिलीत. त्या ग्रंथालयाला स्थानिक मालमत्ता करातून स्वतःचा निधी मिळतो आणि कोणावर किती खर्च करायचा हे त्याचे स्वतःचे मंडळ ठरवते. आपल्याकडे सरकारी ग्रंथालयात एक ओळ जाहीरपणे लिहायची तरी ती कोणाच्या सहीने लिहायची हा पहिला प्रश्न असतो. जो कर्मचारी सकाळी देवघेव, दुपारी दाखल नोंदवही आणि संध्याकाळी वाचनकक्ष सांभाळतो, त्याने रात्री प्रतिक्रियांना उत्तरे द्यावीत अशी अपेक्षा असेल, तर त्या अपेक्षेला मी वाचनप्रेम म्हणणार नाही.

आणि ‘लायब्ररी मिसलेनी’चे उदाहरण आपल्या बाजूने आहे असे मला वाटत नाही. महाराजांचा आश्रय, पगारी माणसे आणि स्वतंत्र खाते एवढे सगळे पाठीशी असूनही ते काही वर्षांतच बंद पडले.

वाडीतली सभासद

मी ब्लॉगच्या विरुद्ध नाही, पण त्याची गरज मला कळत नाही. आमच्या वाचनमंडळात चाळीस बायका आहेत, त्यातल्या निम्म्या सत्तरीच्या पुढच्या, आणि सगळ्या व्हॉट्सॲपवर आहेत. एखादे पुस्तक आवडले की ध्वनिमुद्रित संदेश येतो. टंकलेखन करता येत नाही म्हणून कोणी गप्प राहत नाही. ब्लॉग उघडा, खाली जा, नाव लिहा, मग मत लिहा, एवढे सोपस्कार आमच्या ताई-मावश्या करतील असे मला वाटत नाही. ग्रंथालयाने एक गट काढावा आणि तिथे बोलावे. समूह असा घरबसल्या तयार होतो, आणि झालेलाही आहे.

रावपुऱ्याचा वाचक

ताई, आपल्या मंडळाचे कौतुकच आहे, पण त्यात मला प्रवेश कसा मिळेल? कोणाची तरी ओळख काढावी लागेल. गटात एका मर्यादेपलीकडे सभासद घेता येत नाहीत, नव्याने आलेल्याला मागचे बोलणे सहसा दिसत नाही, आणि कोणी गूगलवर शोधले तर त्यातले एक अक्षरही सापडत नाही. बडोद्याहून पुण्याला किंवा परदेशी गेलेली आमच्या घरातली मुले आज ‘बडोद्यातली मराठी ग्रंथालये’ असे शोधतात, त्यांच्या हाती आपल्या चाळीस जणींचे शहाणपण कधीच लागणार नाही. गट म्हणजे घरातली बैठक आहे आणि ती हवीच. ग्रंथालय मात्र सार्वजनिक आहे, त्याचे बोलणेही कोणालाही ओळखीशिवाय ऐकू यावे.

दांडिया बाजार यांनी मिसलेनीचा मुद्दा माझ्यावर उलटवला, तो मान्य करतो. पण त्याच काळातली दुसरी एक पद्धत आठवावी. संस्थानात गावाला वाचनालय हवे असेल तर गावाने जेवढी वर्गणी उभी करायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायत (म्हणजे जिल्ह्याची पंचायत) आणि तेवढीच सरकार घालत असे. ब्लॉगचेही तसेच करता येईल. वाचकांनी मजकूर लिहावा, ग्रंथालयाने तो तपासून प्रसिद्ध करावा, म्हणजे सगळा भार एका कर्मचाऱ्यावर पडणार नाही.

प्रतापनगर, अध्यापक

दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो, त्यांतली पहिली भाषेची. आपल्याकडे तिसऱ्या पिढीतली पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी लिहितात, आणि देवनागरीतला लांब मजकूर समोर आला की थबकतात. (माझ्या मुलीने मला मराठीतला निरोप गुजराती लिपीत पाठवला होता, मी तो जपून ठेवला आहे.) ब्लॉग फक्त मराठीत ठेवला तर तो आपल्या वयाच्या लोकांचा कट्टा होईल, आणि प्रत्येक नोंदीचे भाषांतर करायचे म्हटले तर दुसऱ्याच महिन्यात थांबेल. म्हणून ज्याने ज्या भाषेत लिहिले त्या भाषेत राहू द्यावे आणि प्रतिक्रिया कोणत्याही लिपीत घ्याव्यात. बडोद्याच्या बाजारात आपण असेच बोलतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कोण काय वाचतो हे ग्रंथपालाला ठाऊक असते आणि ते त्याने कोणाला सांगायचे नसते. ब्लॉगवर ‘या महिन्याचे सर्वाधिक वाचन करणारे बालवाचक’ म्हणून नावे, शाळा आणि छायाचित्रे छापण्याचा मोह होतोच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षिली आहे. पण कायदा नसता तरी, आजारपणावरचे किंवा घटस्फोटावरचे पुस्तक कोणी नेले हे प्रश्नोत्तरांच्या तपशिलातून ओळखता येऊ नये, एवढी काळजी घ्यावीच लागेल. प्रश्न छापावा, प्रश्नकर्ता वगळावा.

दांडिया बाजार, निवृत्त

अध्यापकांनी मांडलेल्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यानेच माझा आक्षेप बळकट होतो. वाचकांनी लिहायचे आणि ग्रंथालयाने तपासायचे असे म्हणणे सोपे आहे, पण तपासणे हेच खरे काम आहे. पुस्तकाचे नाव बरोबर आहे का, ते आपल्या संग्रहात आहे का, मुखपृष्ठाचे चित्र वापरता येते का, लिहिणाऱ्याने शेजाऱ्याचा राग तर काढलेला नाही ना, हे सारे बघायला माणूस लागतो, आणि तो वाचक असून चालत नाही, कारण चुकीचे उत्तर ग्रंथालयाच्या नावावर जाते. शिवाय हौशी मंडळींच्या हाती गेलेला ब्लॉग सहा महिन्यांत त्यांच्याच सत्कारांची भिंतपत्रिका होतो, हे मी पाहिलेले आहे.

तरीही आपल्या पहिल्या परिच्छेदातली टेबलावरच्या उत्तरांची गोष्ट मला खोडता आली नाही. ती उत्तरे मीही तीस वर्षे दिली आणि एकही लिहून ठेवले नाही. तेव्हा ब्लॉगचे नाव तूर्त काढू नका. एक साधी वही घ्या, महिनाभर तिच्यात प्रश्न आणि उत्तरे उतरवा. पुन्हा कोणाच्या उपयोगी पडतील अशी वीस उत्तरे जमली, तर परवानगीचा अर्ज मी स्वतः लिहून देईन. तसले मसुदे करण्यातच माझा जन्म गेला आहे.

वाडीतली सभासद

वहीला माझीही संमती आहे. आमच्या मंडळातल्या बायकांचे ध्वनिसंदेश ऐकून त्यातले कामाचे तेवढे मी लिहून काढीन. गट मात्र बंद करणार नाही.

रावपुऱ्याचा वाचक

वही आजच घेतली. पहिला प्रश्न माझ्या दहा वर्षांच्या भाच्याचा आहे: मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची का आहे? उत्तर असे लिहिले आहे की, मांडण्या पोलादाच्या आणि त्यांच्यामधली जमीन काचेची ठेवल्याने वरचा उजेड खालच्या मजल्यांपर्यंत झिरपतो, आणि लाकूड नसल्याने आगीचे भयही कमी होते. दांडिया बाजार यांनी हे तपासून द्यावे.