शांत पट्टा जागचा हलत नाही?

वर एकांनी लिहिलंय की विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा, म्हणजे जिथे वारा बहुतेक वेळ पडलेला असतो तो समुद्राचा भाग, टाळून शिडाची जहाजं जाऊ शकली असती. अटलांटिकमध्ये उत्तरेकडून दक्षिणेला जायचं तर तो ओलांडावाच लागतो. निवड फक्त कुठे ओलांडायचा एवढीच. आफ्रिकेकडे तो रुंद, ब्राझीलकडे अरुंद, म्हणून जुने खलाशी पश्चिमेला मोठा वळसा घालत.

आणि तिथे वारा 'नसतो' असं नाही. दोन्हीकडचे व्यापारी वारे (उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून विषुववृत्ताकडे वाहणारे नेहमीचे वारे) तिथे एकत्र येतात, तापलेली हवा आडवी वाहण्याऐवजी वर चढते. त्यामुळे तासन् तास शुकशुकाट, मग अचानक काळा ढग, झोडपणारा पाऊस, दहा मिनिटं भन्नाट वारा, पुन्हा सामसूम. खरा छळ वेगळाच: वारा पडला तरी लाटा थांबत नाहीत, जहाज डोलत राहतं आणि रिकामी शिडं डोलकाठीवर आपटून फाटतात. पिण्याचं पाणी संपत आलेलं असे, म्हणून त्याच पावसाचं पाणी शिडांत धरून पिंपं भरत.

पट्टा एका जागी नसतो, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तो सूर्यामागोमाग सरकतो. जुलैत भारतात गंगेच्या मैदानापर्यंत येतो, दक्षिणेचे वारे विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होतात. आपल्या पुण्याच्या शिमला ऑफिसात (हवामान खात्याच्या कार्यालयात) मान्सूनच्या नकाशावर जी कमी दाबाची आस दाखवतात, ती याच पट्ट्याची. सिंहगडावर जूनमध्ये अंगावर येणारे ढग त्याच्याच ओढीने आलेले असतात.