मदत हवी आहे: जुन्या पल्सरला कोणती बॅटरी घ्यावी?

वडिलांकडे चिपळूणला २००७ ची पल्सर १५० आहे. इंजिन अजून खणखणीत, त्यामुळे गाडी विकायचा विषय घरात कुणी काढत नाही. प्रश्न बॅटरीचा आहे. गाडीसोबत आलेली मूळ बॅटरी भरपूर वर्षं चालली, त्यानंतर बसवलेली एकही धड टिकली नाही. वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) निवृत्त झाल्यापासून जास्तच. पावसाळा सुरू झाला की सेल्फचं बटण दाबल्यावर नुसतं टक-टक होतं आणि हॉर्नचा आवाज बसतो.

किक मारली की गाडी चालू होते, पण अण्णा सत्तरीला आलेत आणि गुडघा दुखतो. किक मारताना तोल गेला तर काय, ही धास्ती मला पुण्यात बसून लागून राहते. चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही, सकाळी बटणावर गाडी सुरू झाली पाहिजे.

वापर अगदी कमी: बाजार, बँक, तेही दोन-चार किलोमीटर. मुसळधार लागला की गाडी आठ-आठ दिवस पडवीत उभी असते.

आत्ताची बॅटरी १२ व्होल्ट, ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता), पाण्याची. दुकानदाराने समोरच ॲसिड भरलं, झाकणं लावली आणि लगेच गाडीत बसवून दिली. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी मल्टीमीटर लावला तर ११.९ व्होल्ट, सेल्फ दाबला की ८ च्याही खाली. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर धरतो.

एक्साइड, अमरॉन, टाटा ग्रीन यांपैकी कुठलीही चालेल, पण पाण्याचीच घ्यावी की मेंटेनन्स फ्री (पाणी घालावं न लागणारी, बंद)? एक दुकानदार म्हणतो, १४ एएच टाका, कटकट मिटेल. खरं आहे का? जुनी गाडी सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

बॅटरी बहुधा गेलेली आहे. चांगली भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या वर दाखवते आणि सेल्फ मारताना साधारण १० च्या आसपास तग धरते. पण नवी घ्यायची घाई करू नका. एकामागून एक बॅटऱ्या जात असतील तर गाडी तपासा.

आधी चार्जिंग. गाडी चालू करा, रेस थोडी वाढवा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) बदला, नाहीतर मेंटेनन्स फ्री बॅटरी आतून सुकेल. तिच्यात पाणी घालता येत नाही, ती कायमची गेली. १३ च्या खालीच राहत असेल तर रेक्टिफायर, मॅग्नेटची कॉइल (इंजिन फिरताना वीज तयार करणारी) आणि कपलर (वायरी जोडणारे प्लग) बघा. कोकणातल्या दमटपणात कपलर आतून हिरवे पडतात.

मग लीकेज, म्हणजे गाडी बंद असतानाही बॅटरीतून वाहणारा करंट. चावी बंद करून निगेटिव्ह वायर सोडवा आणि वायर व टर्मिनलच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावा. दोन-चार मिलिअँप असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर एकेक जोडणी काढून बघा. मीटर मध्ये असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

१४ एएच नको. ती मुळात खोक्यात बसणार नाही, आणि दोन किलोमीटरच्या फेरीत ९ भरत नाही तिथे १४ कधी भरणार?

आणि ॲसिड भरून लगेच बसवली, हे वाचून वाईट वाटलं. कोरड्या बॅटरीत ॲसिड भरल्यावर प्लेटा मुरू द्यायच्या, मग क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ९ एएचला ०.९ अँपिअरने, सावकाश चार्ज करायची. हा पहिला चार्ज चुकवला तर बॅटरी पुढे कधीच पूर्ण ताकदीला येत नाही. फारच थोडे दुकानदार हे करतात.

धागाकर्ता:

मनापासून आभार. भावाने गाडी तपासली. चार्जिंग १४.२, म्हणजे ठीक. लीकेज मात्र ६० मिलिअँप! गाडी घेतली तेव्हा बाहेरून बसवलेला रिमोट अलार्म आहे, त्याची वायर काढली तर ३ वर आलं. अण्णा तेव्हा रोज शाळेत जायचे, त्यामुळे बॅटरी भरत राहायची आणि हे कधी कळलंच नाही.

प्रतिसाद:

सापडलं की! ६० मिलिअँप म्हणजे दिवसाला जवळपास दीड एएच. ९ एएचची बॅटरी सहा दिवसांत रिकामी. अलार्म काढूनच टाका.

आता चार्जिंग ठीक आहे, तर मेंटेनन्स फ्री घ्या. उभ्या गाडीत ती पाण्याच्या बॅटरीपेक्षा हळू उतरते, आणि अण्णांना पाणी बघायला नको. खोक्याचं माप आणि प्लस टोक कुठल्या बाजूला आहे, हे जुन्या बॅटरीशी ताडून पाहा, नाहीतर वायर पोचत नाही. ब्रँडपेक्षा उत्पादनाची तारीख महत्त्वाची. दुकानातच मीटर लावून १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या आणि किती महिने पूर्ण बदलून मिळेल, किती महिने फक्त सवलत, हे विचारून घ्या. जुनी बॅटरी परत दिली की किमतीत वजावट मिळते.

बसवताना आधी प्लस, मग मायनस. टर्मिनलला व्हॅसलिन लावा.

धागाकर्ता:

अलार्म निघाला. शनिवारी चिपळूणला जातोय, मीटर घेऊनच दुकानात जाईन. पावसात आठ-दहा दिवस गाडी हलणार नसेल, तर घरी लावून ठेवायला छोटा ऑटो-कट (बॅटरी भरली की आपोआप थांबणारा) चार्जर कुणी वापरलाय का?